अंधारापर्यंत जायला किती खर्च येतो?

दिवाळी उरकते, पावसाने धुतलेलं आभाळ मोकळं होतं आणि आकाशदर्शनाच्या सहलींच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. तळ्याकाठी तंबू, बार्बेक्यू, गिटार, शेकोटी आणि सोबत ‘दुर्बिणीतून तारे’. माणशी साधारण दीड ते तीन हजार रुपये. चौघांचं कुटुंब असेल तर सहा ते बारा हजार. या यादीतल्या बऱ्याच गोष्टी तारे दिसू देत नाहीत, ही माझी पहिली तक्रार. शेकोटीचा उजेड आणि धूर, तंबूंवर सोडलेल्या दिव्यांच्या माळा, जेवणाच्या मांडवातले हॅलोजन. पैसे मोजायचे आणि त्याच पैशांतून आकाश झाकून घ्यायचं, असा हा व्यवहार होतो.

तारे बघायला जाताना पैसे तीन गोष्टींवर खर्च व्हावेत असं माझं ठाम मत आहे. अंधारापर्यंतचा प्रवास, आकाश ओळखणारा माणूस आणि आपण ज्या गावाच्या रानात बसणार ते गाव. चटई, पांघरूण, चहाचा थर्मास आणि कानटोपी घरात असतेच.

त्याआधी एक ठरवा. तुम्हाला चंद्र आणि ग्रह बघायचे आहेत की आकाशगंगा? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि इथेच हजारो रुपये वाचू शकतात. गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीची कडी, चंद्रावरची विवरं यांना काळोख लागत नाही. छोटी दुर्बीण असलेला कुणी ओळखीचा असेल तर हे सगळं दादरच्या किंवा कोथरूडच्या गच्चीवरून तितकंच सुंदर दिसतं. चंद्रासाठी शुद्ध सप्तमी ते दशमी या रात्री उत्तम. त्या वेळी उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या उरत नाहीत आणि चंद्र सपाट दिसतो. अवकाशस्थानक डोक्यावरून सरकताना बघायलाही काही लागत नाही. त्याच्या वेळा नासा विनामूल्य कळवते. म्हणजे मुलांना ‘एकदा शनी दाखवायचाय’ एवढीच इच्छा असेल तर खर्च शून्य. सोसायटीच्या सचिवांना सांगून गच्चीची किल्ली मिळवा, पाण्याच्या टाकीवरचा दिवा तासभर बंद करायला सांगा, झालं.

शहराच्या उजेडात पुसली जातात ती अंधूक, पसरट दृश्यं. आकाशगंगेचा पट्टा, मृग नक्षत्रातला तेजोमेघ, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका. खऱ्या काळोखात नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. त्यासाठी मात्र घर सोडावं लागतं.

रात्र निवडताना

यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथी म्हणजे अंधाराचं वेळापत्रकच आहे. शुद्ध चतुर्थीला चंद्र रात्री नऊच्या सुमारास मावळतो, शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीच्या आगेमागे. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तर उपास करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. ती साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते, म्हणजे त्या रात्री काळोख फार तर दोन-अडीच तास. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या पुढेमागे उगवतो, तोवर आभाळ आपलंच. तेव्हा मुलाबाळांना घेऊन बारापर्यंत परतायचं असेल तर वद्य अष्टमी ते शुद्ध तृतीया या सगळ्या रात्री चालतात. त्यात एक शनिवार हमखास सापडतो, कधी दोन. सगळे अमावास्येच्या शनिवारावर तुटून पडतात म्हणून तेव्हा दर चढे आणि गर्दी दाट. घरातल्या मोठ्यांना अमावास्येला बाहेर पडणं रुचत नसेल तर वाद घालत बसू नका. वद्य एकादशीचा चंद्र पहाटे अडीच-तीनच्या पुढे उगवतो, तोवरचा काळोख अमावास्येइतकाच गडद असतो.

सूर्य मावळला की लगेच अंधार होत नाही. आपल्याकडे पूर्ण काळोख व्हायला सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास जातो. या वेळेत जागेवर पोचून, गाडी लावून, सतरंजी अंथरून, जेवण उरकून मोकळं व्हायचं असतं.

जून ते सप्टेंबर विसरा. त्या काळात ‘पर्सीड उल्कावर्षावा’ची सहल कुणी विकत असेल तर महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये ढगच बघायला मिळण्याची शक्यता मोठी आहे. आपला हक्काचा उल्कावर्षाव डिसेंबरात, १३-१४ तारखेच्या रात्री, मिथुन राशीतून येतो. त्याला दुर्बीण लागत नाही, पाठीवर आडवं पडून आभाळ बघायचं. मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास तो सर्वांत बहरात असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नवख्यांसाठी सर्वांत चांगला. संध्याकाळीच शर्मिष्ठा, देवयानी, कृत्तिका भेटतात, पाठोपाठ रोहिणी, मृग, व्याध आणि दक्षिणेला अगस्त्य. आकाशगंगेचा दाट भाग वृश्चिक-धनूच्या बाजूला असतो. तो बघायचा असेल तर एप्रिल-मे गाठा आणि जागायची तयारी ठेवा. एप्रिलच्या मध्यात हा भाग रात्री अकराच्या पुढे उगवतो आणि पहाटेकडे दक्षिणेला चढतो.

जायच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी दुपारी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेलं ढगांचं चित्र बघा. ढगाळ असेल तर घरी थांबा. पेट्रोल वाचलं, हीही कमाईच.

प्रवासाचा हिशेब

जागा निवडताना शहरापासूनचं अंतर जसं बघतो तशी दिशाही बघावी. मोठ्या शहराचा उजेड क्षितिजावर घुमटासारखा पन्नास-साठ किलोमीटरवरूनही दिसतो. तो आपल्या पाठीशी पडेल अशी जागा घ्यायची. आपल्याकडून दक्षिणेचं आकाश विशेष श्रीमंत दिसतं. म्हणून पुणेकरांनी भोर-वेल्ह्याकडे जावं, पुण्याचा उजेड उत्तरेकडे राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. उत्तरेला गेलात तर तोच उजेड दक्षिण क्षितिजावर चढून बसतो.

वेल्ह्याच्या बाजूला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. घरची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल तर आठ-साडेआठ लिटर पेट्रोल, एकशे पाचच्या भावाने नऊशे रुपयांच्या आत. टोल वेगळा. चौघांनी वाटून घेतलं तर माणशी अडीचशेसुद्धा होत नाहीत. भाड्याची गाडी करणार असाल तर मात्र नीट विचारून घ्या. बाहेरगावच्या फेरीला गाडीवाले बहुतेक वेळा दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे लावतात, तुम्ही शंभरच फिरलात तरी. किलोमीटरला चौदा रुपये धरले तर तीनशेचे ४,२०० होतात, वर चालकाचा रात्रीचा भत्ता तीनशे ते पाचशे. पुण्याहून जवळच्या सहलीत सर्वांत मोठा खर्च हाच असतो आणि जाहिरातीत तो कधीच नसतो. सहा-सात जण मिळून एक मोठी गाडी केली तरच हे परवडतं. चालकालाही पाय पसरायला जागा आणि गरम जेवण मिळेल हे बघा, कारण पहाटे तुम्हाला घरी आणणारा तोच आहे. स्वतः गाडी चालवणार असाल तर पहाटे तीनला परत निघू नका. उजाडेपर्यंत थांबा, तिथेच दोन तास झोप काढा.

मुंबईकरांना मध्य रेल्वेची लोकल आहे. बदलापूर आणि नेरळच्या मधल्या वांगणी परिसरात हौशी मंडळी वर्षानुवर्षं आकाशदर्शन करत आली आहेत. दुसऱ्या वर्गाचं जाण्या-येण्याचं तिकीट साठ रुपयांच्या आत बसतं. बदलापूर-कर्जत पट्ट्यातल्या नव्या इमारतींमुळे तिथलं आभाळ पूर्वीइतकं काळं राहिलेलं नाही, तरी पहिल्या ओळखीसाठी इतकी स्वस्त आणि सोयीची जागा मुंबईला दुसरी नाही. भंडारदऱ्याला स्वतःची गाडी नेली तर जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे पेट्रोलच अडीच हजारांच्या घरात.

नागपूर आणि विदर्भातल्या वाचकांना तर हेवा वाटावा अशी जागा मिळाली आहे. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांमधले शंभरावर दिवे बदलून उजेड खाली जमिनीवरच पडेल असे बसवले. दिवा बंद न करता आकाश परत मिळवता येतं, हे या चार गावांनी दाखवून दिलं आहे. तिथे जायचं तर वनविभागाच्या नियमांनी आणि त्यांच्याच ठरलेल्या जागी. रात्री स्वतः जंगलात शिरायचा विचारही नको.

आणि कोकणातलं गाव ज्यांचं आहे त्यांनी तंबूसाठी पैसे का मोजावेत? मे महिन्यात किंवा शिमग्याला गावी जाणारच असाल तर तिथीकडे बघून सुट्टी टाका. जांभ्याच्या सड्यावर चारी बाजूंनी क्षितिज मोकळं असतं. मेच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून वीतभर वर, त्रिशंकू उभा असतो. तासाभराने त्याच बाजूला थोडा वर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. उत्तरेतल्या राज्यांना ही दोन्ही दृश्यं अवघड जातात, काही ठिकाणी मिळतच नाहीत. आपल्या सड्यावर ती फुकट आहेत. पायात बूट हवेत, फुरसं याच खडकाळ जागांवर असतं.

दोन जागा मी कुणालाच सुचवणार नाही. एक, जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातले उसाला लागून असलेले बांध. रात्रीचा तिथे बिबट्याचा वावर असतो. दुसरी, गडकिल्ले, आधी चौकशी केल्याशिवाय. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही आणि अभयारण्यातल्या गडांवर वनखात्याची परवानगी लागते.

सहल विकत घेताना

पहिल्यांदा जाणाऱ्याने एखाद्या हौशी खगोलसंस्थेबरोबर जावं. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ, कल्याणला आकाश मित्र मंडळ अशा संस्थांनी मराठी माणसाला तारे ओळखायला शिकवलं आहे. अशा संस्थांच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला सर्वसाधारणपणे माणशी पाचशे ते हजार रुपये पडतात, जेवणखाण किंवा प्रवास धरला तर थोडे जास्त. तिथे शिकवणारे बहुधा दिवसा नोकरी करणारे आणि रात्र हौसेने देणारे लोक असतात. या पैशांत तंबू मिळणार नाही, पण स्वातीपासून चित्रेपर्यंत कसं जायचं हे आयुष्यभरासाठी कळेल.

व्यावसायिक सहल घ्यायचीच असेल तर फोनवर पहिला प्रश्न दुर्बिणींचा विचारा. किती दुर्बिणी आणि माणसं किती? एक साधा हिशेब करून बघा. चाळीस माणसं, एक दुर्बीण, प्रत्येकाला एक मिनिट. एक वस्तू सगळ्यांनी बघायला चाळीस मिनिटं गेली. सहा वस्तू दाखवायच्या म्हटलं तर चार तास, आणि त्यातली तुमच्या डोळ्याला मिळालेली सहा मिनिटं. बाकी वेळ रांग. एका दुर्बिणीमागे बारा-पंधरा माणसांपेक्षा जास्त असतील तर पैसे देऊ नयेत असं मला वाटतं. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास किती, हेही विचारा. आठ इंची आरसा असेल तर उत्तम, सहा इंची चालेल. उत्तर ‘खूप पॉवरफुल आहे’ असं आलं तर विकणाऱ्याला दुर्बिणीतलं कळत नाही.

दुसरा प्रश्न दिव्यांचा. तळावरचे सगळे दिवे किती वाजता बंद होणार आणि शेजारच्या तळावर काय चालतं? एका बाजूला नऊनंतर अंधार आणि दुसऱ्या बाजूला डीजे असेल तर उपयोग नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, पण तळ्याकाठच्या तळांवर ती सगळीकडे पाळली जाते असं नाही. तिसरा प्रश्न ढगांचा. आकाश झाकलं तर पैसे परत, दुसरी तारीख की काहीच नाही? हे तोंडी ठेवू नका, संदेशात लिहून घ्या. ढगांची हमी कुणीच देऊ शकत नाही, तशी अपेक्षाही धरू नये. मात्र ढगाळ रात्री स्लाइड्स, गप्पा, नकाशा वाचायला शिकवणं असं काही ठरलंय का, यावरून आयोजकाची तयारी कळते. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आहे ना, याचं स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. ‘मोकळं रान आहे’ हे उत्तर नव्हे.

स्वतःच आखलेल्या सहलीत जेवण गावातच सांगावं. पिठलं-भाकरी, ठेचा, भात-आमटी माणशी दीडशे ते अडीचशेत मिळते. गावात महिला बचत गट असेल तर त्यांना दोन दिवस आधी सांगा आणि येणाऱ्यांचा आकडा खरा सांगा. ऐनवेळी पाच जण गळाले तरी सगळ्या ताटांचे पैसे द्यायचे.

अंधारात वागायचं कसं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सहलीचा हा खर्च आपल्या खिशातून जात नाही, शेजाऱ्याच्या रात्रीतून जातो.

अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते, पण खरी तयारी त्यानंतर सुरू होते. डोळ्याच्या पडद्यावरच्या, अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशींत रोडॉप्सिन नावाचं द्रव्य साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढरा उजेड पडला की ते क्षणात विरतं. कुणीतरी मित्राला फोन लावायला खिशातून मोबाइल काढतो आणि आसपासच्या वीस जणांची अर्धा-अर्धा तासाची तयारी जाते. तो हेतुपुरस्सर करत नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून निघायच्या आधीच सगळ्यांना सांगा, तिथे पोचल्यावर ओरडण्यापेक्षा ते बरं.

लाल उजेडाचा त्या पेशींवर फार थोडा परिणाम होतो. त्यासाठी लाल विजेरी विकत आणायची गरज नाही. आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी करून विजेरीच्या तोंडावर रबराने बांधा. दहा-वीस रुपयांत सगळ्या कुटुंबाचं काम होतं. उजेड जमिनीकडे धरायचा, समोरच्याच्या तोंडावर नाही. मोबाइलचा पडदा किमान प्रकाशावर आणि लाल छटेवर ठेवा, सूचनांचे आवाज बंद. शक्य असेल तर मोबाइल बॅगेतच राहू द्या.

गाडी उजेड असतानाच, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावायची. म्हणजे निघताना मागे घ्यावी लागत नाही आणि मागचे पांढरे दिवे लागत नाहीत. आतला दिवा बंद करून ठेवा, डिकीच्या दिव्यावर चिकटपट्टी लावा. किल्लीचं बटण दाबलं की गाडी डोळे मिचकावते आणि ओरडते, त्यामुळे लागणारं सगळं आधीच बाहेर काढून घ्या. उशिरा पोचलात तर लांबच थांबा, हेडलाइट बंद करा आणि चालत जा. लवकर निघायचं असेल तर गटप्रमुखाला आधी सांगा. तो सगळ्यांना डोळे मिटायला सांगेल, मगच गाडी सुरू करा.

दुर्बीण दुसऱ्याची असते, बहुतेक वेळा त्याच्या काही वर्षांच्या बचतीतून आलेली. तिला हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून डोळा भिंगाजवळ नेला की सवयच लागते. नळीला धरून डोकावलं की तारा नजरेबाहेर जातो आणि रांगेतल्या प्रत्येकासाठी तो पुन्हा शोधावा लागतो. अंधूक दिसत असेल तर सांगा, चष्मा असेल तर विचारा, नेमकं जुळवून देणं दुर्बीणवाल्याला आवडतंच. पापण्यांना काजळ-मस्कारा नको, तो नेत्रभिंगावर उतरतो. डास पळवणारं मलम हातापायांना लावलं असेल तर ते हात भिंगापासून दूर, आणि फवारा तर दुर्बिणीच्या जवळपासही नको. लहान मुलांसाठी छोटं स्टूल न्या. आजी-आजोबांना आधी बघू द्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा, त्यांना वाकून उभं राहणं कठीण जातं. ‘काहीच दिसलं नाही’ असं मूल म्हणालं तर त्याला पुढे ढकलू नका. काय शोधायचंय हे दोन वाक्यांत सांगून पुन्हा बघू द्या. अंधूक तेजोमेघ सरळ रोखून बघण्यापेक्षा किंचित तिरप्या नजरेने जास्त स्पष्ट दिसतो, ही युक्ती मुलांना फार आवडते.

हिरवी लेझर ही एकाच, शिकवणाऱ्या माणसाच्या हातात असावी. ती कुणाच्या डोळ्यावर पडली तर कायमची इजा होऊ शकते, विमानाकडे रोखली तर वैमानिकाचे डोळे दिपतात. मुलांच्या हाती ती खेळणं म्हणून कधीही देऊ नये. छायाचित्रं काढणाऱ्यांना थोडी बाजूची जागा द्या. त्यांचा कॅमेरा मिनिटभर उघडा असतो, त्यात तुमचा लाल दिवासुद्धा उतरतो. त्यांनीही पडद्याचा उजेड झाकायला काळं फडकं आणावं.

आता गाव. ओसाड दिसणारी प्रत्येक जागा कुणाच्या तरी मालकीची असते, आणि थंडीत तिथे ज्वारी-हरभरा उभा असतो. दिवसाउजेडी एकदा जाऊन शेतमालकाला भेटा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. “काका, आम्ही दहा-बारा जण आहोत, बायकामुलं आहेत. रात्री बारापर्यंत तुमच्या खळ्यावर बसून तारे बघायचेत. दारू नाही, गाणी नाहीत, शेकोटी नाही.” इतकं स्पष्ट बोललं की नकार क्वचितच येतो. रात्री अचानक परक्या माणसांची कुजबुज आणि हलते लाल दिवे दिसले तर गाव घाबरणारच, त्यात त्यांचा काय दोष? परवानगी मिळाली की काकांच्या घरच्यांनाही बोलवा. रांगेत त्यांची मुलं पहिली.

शेकोटीचा हट्ट सोडा. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो आणि वणव्यात गुरांचा चारा, घरटी, रोपं सगळं जातं. थंडीला अंगावर कपडे वाढवणं हाच उपाय. पहाटे दहिवर पडतं, सतरंजीखाली ताडपत्री हवी आणि डोक्याला कानटोपी. उल्का दिसली की तोंडून आनंदाचा उद्गार निघतोच, तो कुणी दाबू नये. पण शिट्ट्या, आरोळ्या नकोत, रानात आवाज फार लांब जातो आणि खाली वस्तीत माणसं पहाटे उठून धार काढणार असतात. रस्त्यावरचा दिवा त्रास देत असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. स्वतः बल्ब काढणं किंवा त्यावर गोणपाट टाकणं हे कुणाच्याही गावात शोभत नाही. कचरा परत आणायचा, संत्र्याच्या सालींसकट.

विजेरी लाल असली तरी एक पांढरी जवळ ठेवाच. साप, पडणं, आजारपण अशा वेळी अंधाराचा नियम लागू नाही. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. जागेवर मोबाइलला रेंज आहे का, नसेल तर कुठवर चालत गेल्यावर येते, हे दिवसा बघून ठेवा.

दुर्बीण घ्यायची का?

सहलीहून आल्यावर पहिल्या आठवड्यात घेऊ नका. मोबाइल किंवा संगणकावर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप घ्या, संगणकावरची आवृत्ती विनामूल्य आहे. एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखा. त्यानंतरही ओढ टिकली तर १०×५० ची द्विनेत्री घ्या, पाच ते दहा हजारांत चांगली मिळते. १० म्हणजे दहा पट मोठं आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. तिच्यातून कृत्तिकांचा पुंजका, देवयानी दीर्घिका, चंद्रावरची मोठी विवरं दिसतात, हात टेकवून स्थिर धरली तर गुरूचे उपग्रहही. शनीच्या कड्यांना ती पुरत नाही. दुकानात दूरच्या विजेच्या तारेवर रोखून बघा. तार दुहेरी दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर ती जोडी परत करा.

तीन ते आठ हजारांत ‘५२५ पट’ लिहिलेल्या खोक्यातल्या दुर्बिणी सगळीकडे मिळतात. त्या घेऊन मुलांचा आकाशावरचा जीव उडालेला मी अनेक घरांत पाहिला आहे. दुर्बीण उपयोगी पडेल इतपत किती मोठं दाखवू शकते याची मर्यादा तिच्या भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीइतकी असते. साठ मिलिमीटरची असेल तर एकशे वीस पटीपर्यंत. पुढचे आकडे फक्त खोक्यावर असतात, त्यात दिसतो तो थरथरणारा अंधूक ठिपका. लटपटणारी तिवई तर ही मर्यादाही गाठू देत नाही. खरी पहिली दुर्बीण म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची, सहा इंची आरशाची डॉब्सोनियन, साधारण तीस ते पंचेचाळीस हजार. आठ इंची पन्नास ते पंचाहत्तर हजारांच्या दरम्यान पडते, पण तिचं वजन वीस किलोच्या पुढे जातं. चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट नसताना, ती किती वेळा खाली उतरेल याचा विचार आधी करा. हाताने काम करायची आवड असेल तर आरसा घासून स्वतः दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा पुण्यातली आयुका आणि काही हौशी संस्था घेत आल्या आहेत, त्यांची चौकशी ठेवा.

सहल असो वा दुर्बीण, पक्की पावती घ्या आणि कबूल केलेल्या गोष्टींचे संदेश जपून ठेवा. ठरलेल्या चार दुर्बिणींऐवजी एकच आणली, किंवा परताव्याचा शब्द मोडला, तर आधी आयोजकाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.